गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी ऑइल आणि वायरिंग तरी पाहा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र लांब झालंय. जागा कमी असेल तर माझ्या घरची हकीकत कापा, पण ऑइलचं आणि वायरिंगचं कापू नका ही विनंती, कारण लोकांचे पैसे तिथेच वाचतात.

विषय जुन्या ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाड्यांचा आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी दहा-बारा वर्षं वापरून काढलेल्या या गाड्या आता आपल्याकडे काटोल, नरखेड, उमरेड, रामटेककडे बऱ्याच दिसतात. शेतावर जायचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर नाहीतर फोर बाय फोर, तिसरं काही चालत नाही, आणि नवीन घ्यायची तर बजेटच्या बाहेर, म्हणून माणूस सेकंडहँड घेतो. इंजिन दणकट असतं, बॉडी दणकट असते. मग कधीतरी गिअर पडताना झटका बसायला लागतो, किंवा आरपीएम वाढतो पण गाडी उठत नाही, किंवा गाडी तिसऱ्यातच अडकून बसते, आणि गॅरेजमध्ये नेली की बोनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं, "गिअरबॉक्स गेला, खोलावा लागन, दीड-दोन लाख पकडून चाला, नाहीतर विकून टाका."

माझं म्हणणं असं आहे की "गिअरबॉक्स गेला" हे निदान नाही. तापाच्या पेशंटला थर्मामीटर न लावता सरळ ऑपरेशनला घ्यावं तसं हे चाललंय. या बॉक्सची तपासणी करायचा एक क्रम आहे, त्यातल्या पहिल्या पाच-सहा गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि झटके मारणाऱ्या पुष्कळ गाड्यांचा दोष त्या पाच-सहा गोष्टींतच सापडतो. ते न बघता बॉक्स खाली उतरवणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे आणि चांगल्या गाडीवरही.

मी उमरेडकडच्या ओपनकास्ट कोळसा खाणीत डंपरच्या मेंटेनन्सला होतो, आता रिटायर आहे. डंपरला क्लच पेडल नसतं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे गिअर), ऑइलच्या प्रेशरने दाबल्या जाणाऱ्या क्लच प्लेटा, म्हणजे तुमच्या ऑटोमॅटिक गाडीत जे आहे तेच, फक्त साइज मोठी. तिथे गिअर पडला नाही की पहिला प्रश्न असायचा ऑइल किती आहे, मग गरम किती झालंय, मग प्रेशर गेज काय दाखवतंय. बॉक्स उतरवायचं नाव सगळ्यात शेवटी निघायचं, कारण डंपर उभा राहिला की उत्पादन उभं राहतं आणि साहेब लोक विचारतात की काय बघून बॉक्स काढला ते लिहून द्या. शहरात हे विचारणारं कोणी नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याचा संत्र्याचा बगीचा आहे काटोलकडे. त्याच्याकडे अशीच एक जुनी डिझेल फोर बाय फोर आहे, पाच गिअरची ऑटोमॅटिक. मागच्या उन्हाळ्यात पेंचकडून परत येताना मनसरच्या अलीकडे गाडीने जोरात झटका मारला आणि तिसऱ्यातच अडकली. मला फोन, "मामाजी, गाडी तिसऱ्याच्या वर जाऊनच नाही राह्यली, अन सिग्नलवरून उठतानी तर बैलगाडीसारखी उठते." मी म्हटलं बाजूला घे, बंद कर, दोन मिनिटं थांब, परत चालू कर. चालू केल्यावर गाडी एकदम ठीक. पुढे कामठी रोडवर परत तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गॅरेजमध्ये नेली तर तिथे सकाळच्या गारव्यात मख्खन चालली, त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं मशीन) लावला, त्यात काही कोड आला नाही, आणि तरीसुद्धा त्यांनी सांगितलं की बॉक्स आतून गेला आहे, रिकंडिशन करावा लागेल.

आता इथे दोन गोष्टी सगळ्यांनी समजून घ्याव्या. गाडी एकाच गिअरमध्ये अडकते याला लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्सच्या कंप्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं की तो सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) करंट तोडून टाकतो, मग नुसत्या ऑइलच्या प्रेशरवर जो गिअर मिळतो तेवढाच राहतो, काही गाड्यांत दुसरा, काहींत तिसरा, आणि रिव्हर्स. बॉक्स स्वतःला वाचवतोय असा त्याचा अर्थ, तुटला असा नाही. आणि दुसरी गोष्ट स्कॅनरची. स्वस्तातला स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनच्या कंप्युटरशी बोलतो, गिअरबॉक्सच्या कंप्युटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो "काही कोड नाही" असं दाखवतो. ट्रान्समिशन वाचणारा स्कॅनर लागतो. पी ०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे तक्रार नोंदलेली आहे, आत जाऊन वाचा. पी ०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट, पी ०७२० आउटपुट स्पीड सेन्सरचं, पी ०७४० टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचं (कन्व्हर्टर थेट जोडणाऱ्या क्लचचं), पी ०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचं. पी ०७३० आला म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाही, तिथे मात्र आत क्लच घसरत असू शकतो. कोड आला म्हणून तो पार्ट खराब असंही नाही बरं का, पार्टपर्यंत जाणारी वायर खराब असली तरी तोच कोड येतो.

भाच्याला मी एकच काम सांगितलं, दुपारी गाडी चालव आणि झटका बसेल त्या क्षणाला मीटरकडे बघ. त्याने सांगितलं की झटक्याच्या वेळी स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडतो आणि परत उठतो. एवढ्यावर अर्धं निदान झालं. त्या गाडीत स्पीडोमीटरला आणि गिअरबॉक्सच्या कंप्युटरला स्पीड एकाच सेन्सरकडून जातो. चालत्या गाडीत स्पीड शून्य दिसला की कंप्युटर गोंधळणारच. गाडी रॅम्पवर घेतली तर आउटपुट सेन्सरच्या वायरचा जो प्लॅस्टिकचा क्लिप असतो तो तुटलेला, वायर लोंबकळून एक्झॉस्ट पाइपला टेकलेली, आणि टेकते तिथे वरचं रबर वितळून आतला तांब्याचा तार उघडा पडलेला, जेमतेम नखाएवढी जागा. गाडी थंड असली की काही नाही, पाइप तापला, वायर सैल झाली, टेकली की शॉर्ट. म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी बंद. वायर जोडली, उष्णता सहन करणारी स्लीव्ह चढवली, नवीन क्लिप लावून पाइपपासून लांब बांधली. खर्च काहीशे रुपये. त्या गाडीचा बॉक्स आजही तोच आहे, न खोललेला.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक गाडीत वायरच निघेल. पण थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर त्रास, किंवा उलट, किंवा खड्ड्यात आदळली की त्रास, हे मालकाने नीट बघून लिहून नेलं तर मिस्त्रीचं अर्धं काम होतं. तुम्ही जाऊन नुसतं "झटका मारते" म्हटलं तर तोही अंदाजच करणार.

आता ऑइल. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. गिअर लावायचं प्रेशर तेच देतं, क्लच प्लेटा तेच थंड ठेवतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढे तेच नेतं. ते अर्धा-एक लिटर कमी असलं तरी वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो, आणि मिस्त्री म्हणतो क्लच गेला. जास्त भरलं तरी तोच प्रॉब्लेम, फिरणारे पार्ट त्या ऑइलला घुसळून फेस काढतात, फेसात प्रेशर तयार होत नाही. म्हणून लेव्हल बरोबर बघणं ही पहिली पायरी. इंजिन ऑइल आपण गाडी बंद करून बघतो, हे तसं बघायचं नसतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करायची, सपाट जागेवर उभी करायची, हँडब्रेक लावून ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून हळूहळू फिरवायचा, मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघायची. बहुतेक गाड्यांत पार्कमध्ये बघतात, काही गाड्यांत न्यूट्रलमध्ये, ते पुस्तकात दिलेलं असतं. आणि ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाही त्यांना खालून लेव्हलचा बोल्ट असतो, तो ऑइलचं ठरावीक टेम्परेचर असतानाच उघडायचा असतो. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी उभी गाडीच एवढी तापलेली असते की ते टेम्परेचर चालू करण्याआधीच ओलांडलेलं असू शकतं, म्हणून हे काम सकाळी लवकर करावं आणि स्कॅनरवर ऑइलचं टेम्परेचर बघत करावं. हे किती ठिकाणी होतं हे सांगायला नको.

डिपस्टिक पांढऱ्या कपड्याला पुसा आणि उजेडात बघा. चांगलं ऑइल बहुतेक गाड्यांत पारदर्शक लाल असतं. थोडं तपकिरी झालं तर जुनं झालं. काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळल्या आहेत. आणि गुलाबी दुधासारखं, स्ट्रॉबेरी मिल्कशेकच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलंय, मग गाडी चालू पण ठेवू नका, टो करून न्या. हे पाणी दोन रस्त्याने जातं. एक म्हणजे रेडिएटरच्या आतच ऑइल कूलर असतो त्या गाड्यांत तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतो. दुसरा रस्ता खास आपल्या लोकांचा, नाला. गाडी अर्धा तास चिखलात राबून बॉक्स तापलेला असतो आणि तशीच ती पाण्यात घालतात. गरम बॉक्स एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि श्वास घेतल्यासारखी बाहेरून ओढते, ब्रीदरचा (बॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्यासाठी असलेला) पाइप तुटलेला किंवा चिखलाने बुजलेला असला की जिथून जमेल तिथून, सीलमधूनसुद्धा, पाणी आत येतं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या मटेरियलचं असतं, गोंदाने चिकटवलेलं, पाण्याने ते सुटतं. मग बॉक्स खरंच जातो. म्हणून जुनी फोर बाय फोर घेतली की गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर कुठे आहेत ते आधी शोधा, पाइप लांब करून वर बोनेटच्या उंचीला नेऊन बांधा. दोन-तीनशेचं काम आहे.

कुठलं ऑइल टाकायचं हेही महत्त्वाचं. सगळं लाल ऑइल एकच नसतं. डेक्सरॉन थ्री, टी-फोर, एसपी-थ्री, अशी वेगवेगळी स्पेसिफिकेशनं आहेत, घसरण्याचा आणि पकडीचा गुण प्रत्येकाचा वेगळा, चुकीचं टाकलं की साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरते, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी. आणि कोणी ऑटोमॅटिक बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल टाकायला निघाला तर त्याच्या हातातून डबा काढून घ्या. ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं, डिफरन्शियलचं वेगळं, पुस्तक उघडून बघायचं.

फ्लशबद्दल पण लोक फार विचारतात. मशीन लावून जोरात सगळं ऑइल बदलणं हे जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या बॉक्सवर मी करू देत नाही. बॉक्सच्या खालचा ऑइल पॅन काढून, फिल्टर बदलून, जेवढं खाली पडतं तेवढंच नवीन भरायचं, साधारण तिसरा हिस्सा ते अर्धं निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, मग काही दिवस गाडी चालवून परत तेच करायचं. पॅन काढला की आत लोहचुंबक असतात, ते हातात घेऊन बघा, आणि मिस्त्रीला सांगा की पुसून टाकायच्या आधी मला दाखव. राखाडी रंगाचा बारीक लगदा, बोटांत चोळला की मऊ पावडरसारखा लागतो, हे नॉर्मल आहे, लाखभर किलोमीटर चाललेल्या कुठल्याही बॉक्समध्ये असणारच. चकाकणारे कीस, तुकडे, पितळी रंगाचे कण किंवा काळ्या अस्तराच्या पापड्या दिसल्या तर ते खरं वाईट लक्षण. पॅनचा फोटो काढून ठेवायचा. "खोलावं लागन" म्हणणाऱ्याने निदान हा फोटो तरी दाखवावा.

उन्हाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत कारण बाहेरच्या पुस्तकांत हे आपल्या हिशोबाने लिहिलेलं नसतं. ऑइल ८० डिग्रीच्या आसपास राहिलं तर खूप टिकतं, त्याच्या वर दर दहा-अकरा डिग्रीला आयुष्य अर्धं होतं असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. बाहेरची हवाच ४५ असली, एसी फुल, गाडीत सात माणसं, आणि चिखलदऱ्याचा घाट, तर ऑइल कुठे जाईल बघा. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती उडून समोरच्या ऑइल कूलरच्या आणि रेडिएटरच्या जाळीत बसते, वाळली की सिमेंट, हवा जातच नाही, आणि मालकाला ते दिसत नाही कारण पुढून एसीचा कंडेन्सर झाकून टाकतो. दिवाळीच्या आधी एकदा मागच्या बाजूने, हलक्या प्रेशरच्या पाण्याने, जाळ्या वाकणार नाहीत अशा बेताने, ही माती काढायलाच पाहिजे. आणि चिखलात किंवा वाळूत अडकल्यावर डी मध्ये टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं रुतून फिरत नाहीत तेव्हा इंजिनची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन ऑइलला तापवते, मिनिटभरात ऑइल भयंकर तापतं. फोर लो, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त ताकदीने फिरवणारा गिअर, दिलाय तो याचसाठी, तो टाका.

विजेच्या बाजूने वायरिंगशिवाय आणखी बघायच्या गोष्टी आहेत. बॅटरी आणि अर्थिंग सगळ्यात आधी, जुन्या गाड्यांत बॉडीची अर्थ वायर गंजलेली असते आणि व्होल्टेज पडलं की कंप्युटर काहीही करतो. पेट्रोल गाडीत थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो, त्याला ५ व्होल्ट दिलेले असतात आणि पाय न दाबता साधारण अर्धा व्होल्ट ते पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास असं ते सरळ चढत गेलं पाहिजे. मीटर लावून पाय हळूहळू दाबा, मध्ये कुठे आकडा उडी मारत असेल तर त्याच जागी गाडी गिअर वर-खाली करत राहणार. त्याहून जुन्या गाड्यांत थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत केबल असते, ती सैल झाली की गिअर लवकर आणि मऊ पडतात आणि प्लेटा घसरतात, जास्त ताणली की उशिरा आणि दणक्याने पडतात. ही केबल अ‍ॅडजस्ट करायला पाना आणि दहा मिनिटं लागतात. ब्रेक लाइटचा स्विच बिघडला तरी टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, कारण कंप्युटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. फोर लोचा स्विच अडकला असेल तर कंप्युटर हायवेवर पण लोच्या हिशोबाने गिअर टाकतो. आणि टायर. शौक म्हणून दोन साइज मोठे टायर चढवतात आणि मग गाडी समृद्धीवर चढ आला की चौथा-पाचवा, चौथा-पाचवा करत राहते, याला बॉक्स काय करणार. चार टायर चार तऱ्हेने घासलेले असले तर ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत ते आतून भांडतात, त्याचा झटकासुद्धा गिअरच्या झटक्यासारखाच वाटतो.

एक चाचणी तर अशी आहे की तिला पैसे लागतच नाहीत. टोयोटाच्या ए ३४० जातीचे चार गिअरचे जुने बॉक्स, जीप चेरोकीत आला तो एडब्ल्यू ४ त्याच कुटुंबातला, यांत गिअरबॉक्सच्या कंप्युटरचा कनेक्टर काढून ठेवला तरी हाताने गिअर टाकता येतात. लिव्हर सगळ्यात खाली ठेवला की पहिला, त्याच्या वरच्या जागेवर तिसरा, डी मध्ये चौथा, दुसरा मिळत नाही. असे तिन्ही गिअर स्वच्छ लागले, कुठे घसरलं नाही, तर बॉक्स आतून धडधाकट आहे, दोष बाहेर शोधा, सेन्सरमध्ये, वायरमध्ये, सोलेनॉइडमध्ये, कंप्युटरमध्ये. त्या बॉक्सच्या शिफ्ट सोलेनॉइडचा रेझिस्टन्स ११ ते १५ ओम असतो, साध्या मल्टीमीटरवर बाहेरच्या कनेक्टरवरूनच मोजता येतो. बाकीच्या बॉक्सांचा आकडा वेगळा असतो, तो त्या त्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. या दोन्ही चाचण्या होईपर्यंत एक बोल्टसुद्धा उघडावा लागत नाही.

आणि कधीकधी बॉक्स खरंच गेलेला असतो, हेही सांगतो. ऑइल बरोबर आहे, गरम-थंड दोन्हीत रिव्हर्स लागायला तीन-चार सेकंद लागतात, आरपीएम वाढतो आणि गाडी हलत नाही, जळका वास आहे, पॅनमध्ये कीस आहे, प्रेशर गेज लावल्यावर प्रेशर मॅन्युअलपेक्षा कमी दाखवतंय, तर मग खोलायलाच पाहिजे, तिथे टाळाटाळ केली तर खर्च वाढतो. फक्त स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण रेस द्यायची ती, जाणकार माणूस सोबत नसताना कोणी करू नये. पाच सेकंदांच्या वर गेलं की चांगला बॉक्सही त्यातच जळतो, आणि गाडी सुटली तर समोर उभा माणूस गेला.

टो करताना सुद्धा बॉक्स जातात. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद, चाकं मात्र बॉक्सचे आतले पार्ट कोरडे फिरवतात. जाम होईपर्यंत कोणाला कळत नाही. हायवेवर बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड बोलवा. धक्का मारून ऑटोमॅटिक चालू होत नाही, ती मेहनत वाचवा.

आता तुमच्या पेपरमार्फत जे म्हणायचंय ते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढे वाढवायची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, ग्रीन टॅक्स वेगळा, फिटनेस वेगळं. एमएच ३१ असो, ४९ असो की ४०, आरटीओत हे सगळं भरून माणूस गाडी पुढची पाच वर्षं ठेवायची ठरवतो, आणि मग एका झटक्याच्या तक्रारीवरून त्याला दोन लाखांचा आकडा सांगितला की तो घाबरून ती भंगारभावात देऊन टाकतो. घेणारा तीच गाडी वायर जोडून विकतो. असं होताना मी पाहिलंय म्हणून लिहितोय. गिऱ्हाइकाने लेखी मागावं. जॉबकार्डवर कोड कोणते आले, ऑइलची लेव्हल कोणत्या टेम्परेचरला बघितली, पॅनमध्ये काय निघालं, हे तीन तरी लिहून घ्यावं आणि बॉक्स उतरवायला सही त्यानंतरच द्यावी. सेवा चुकीची दिली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ गॅरेजलाही लागू आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करता येते, पण लेखी काही नसेल तर तिथे तुम्ही काय दाखवणार.

गॅरेजवाल्या पोरांना मी दोष देत नाही. ती पोरं हुशार आहेत, ऑटोमोटिव्ह चौकापासून वाडीपर्यंत कुठेही जा, मॅन्युअल बॉक्स डोळे मिटून बांधतील. त्यांना हे कोणी शिकवलंच नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशन पुस्तकात आहे, पण पोरांच्या हाताखाली टेबलवर कापून ठेवलेला एक बॉक्स, एक प्रेशर गेज आणि ट्रान्समिशन वाचणारा एक स्कॅनर पाहिजे, नुसत्या चित्रावरून हे काम येत नाही. आज शोरूममधून निघणाऱ्या कितीतरी नवीन गाड्या ऑटोमॅटिक आहेत, त्या आठ-दहा वर्षांनी याच पोरांच्या गॅरेजमध्ये येणार. आणि शिकवणारी माणसं विदर्भातच आहेत. उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर, जिथे जिथे खाणी आहेत तिथे डंपरवर आयुष्य काढलेले फिटर आणि फोरमन रिटायर होऊन घरी बसलेत, त्यांना टॉर्क कन्व्हर्टर घरच्या भांड्यासारखा माहीत आहे. त्यांना कोणी बोलावत नाही.

नागपुरातल्या कुठल्याही आयटीआयने बोलावलं तर महिन्यातून दोन शनिवार मी यायला तयार आहे, मानधन नको. भंगारातला एखादा ऑटोमॅटिक बॉक्स मिळवून तो कापून, साफ करून, टेबलवर बसवून द्यायचं कामही मी आणि माझे जुने सोबती करू, संस्थेने फक्त जागा आणि एक वेल्डिंग पॉइंट द्यावा. माझा पत्ता आणि फोन नंबर तुमच्या कार्यालयाकडे सोबत दिला आहे, छापू नये, पण आयटीआयकडून कोणी विचारलं तर जरूर द्यावा.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर फोरमन
मानेवाडा, नागपूर